उमेदवाराची मुले कुठल्या शाळेत?

जिल्हा परिषदेला किंवा पंचायत समितीला उभ्या राहणाऱ्या माणसाला सरकार पुष्कळ प्रश्न विचारते. गुन्हे किती, जमीन किती, सोने किती, कर्ज किती, शिक्षण कुठवर. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले आहे काय, हे विचारते. घरात शौचालय आहे काय, हेही विचारते. उमेदवाराला मुले किती, याची कायद्याला एवढी काळजी. पण ती मुले कुठल्या शाळेत जातात, हा रकाना कुठल्याच अर्जात नाही. निवडून आल्यावर याच गृहस्थाला जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांच्या कारभारात बसायचे असते. नशिबाने साथ दिली तर शिक्षण सभापती म्हणून मिरवायचेही असते.

दापोली तालुक्यातल्या हर्णेत मते मागायला येणारा उमेदवार जेट्टीबद्दल बोलतो, डिझेलच्या परताव्याबद्दल बोलतो, बंदरातल्या गाळाबद्दल आणि एलईडी लावून मासे मारणाऱ्या नौकांबद्दल बोलतो. बोलायलाच हवे; गावाचे पोट बंदरावर आहे. पण शाळेची वेळ आली की तो आपल्या पत्रकावरच्या दोन शब्दांवर भागवतो, 'उच्चशिक्षित, तडफदार'. म्हणजे शिक्षणाविषयी त्याला जे म्हणायचे ते इतकेच, की ते आपण घेतलेले आहे.

हा शिरस्ता इतर कुठल्या गावाने चालवला असता तर आम्ही गप्प बसलो असतो. हर्णेला तो शोभत नाही. कारण मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून काढून लोकांच्या मंडळाकडे द्याव्यात, असा कायदा ज्या मंत्र्याच्या हातून झाला, तो मंत्री खाडीपलीकडचाच. उत्तरेला जोग नदी ओलांडली की आंजर्ले, आणि त्याला लागून मुर्डी. तिथे १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. मुर्डी, आंजर्ले, दापोली असे शिकत ते मुंबईला गेले आणि नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांच्या बिऱ्हाडी राहून पुढे शिकले. १८९९ साली केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत आल्यावर विलायती पदवीच्या जोरावर मोठी सरकारी नोकरी मिळत असताना त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर गणित शिकवले आणि प्राचार्यपद सांभाळले. सई परांजप्यांचे आजोबा म्हणून नव्या पिढीला त्यांची ओळख असली तर तीही चालेल.

पार्श्वभूमी म्हणून एखाद्या उमेदवाराने यापेक्षा जास्त काय आणावे? पण परांजप्यांची आठवण आम्ही पदवीसाठी काढलेली नाही. १९२१ साली द्विदल राज्यपद्धतीत शिक्षणखाते त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यापाशी शिक्षणाविषयी एक मत होते आणि ते कायद्यात उतरवण्याचा हट्ट होता. १९२३ चा चौथा कायदा, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, हे त्या हट्टाचे फळ. त्याआधी १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली होती. पण शहराबाहेरच्या खेड्यांचे काय? नव्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डांना आणि अधिकार मिळालेल्या नगरपालिकांना आपापली स्कूल बोर्डे काढायला लावली. शाळा, शिक्षक, नेमणुका, बदल्या, सक्तीची योजना, सगळे त्यांच्या हाती आले. मुर्डीच्या माणसाने मुर्डीसारख्या गावांवर टाकलेला हा विश्वास होता.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीमागे रत्नागिरी जिल्ह्याचा आणखी एक हात होता. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. तेच काम बडोद्यात सयाजीराव १९०६ पासून संस्थानभर करीत होते. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. ब्रिटिश मुलखात मात्र पैसा नाही म्हणून नन्नाचा पाढा चालू होता.

पैसा परांजप्यांनाही मिळाला नाही. द्विदल पद्धतीत खाते मंत्र्याचे आणि तिजोरीच्या किल्ल्या गव्हर्नरच्या माणसांकडे, तेव्हा सक्ती बरीचशी कागदावर राहिली. पण मंडळांचे जे झाले त्याला केवळ पैसा कारण नव्हता. स्कूल बोर्डाचा सभासद गावापुढे कधी उभाच राहिला नाही. त्याला लोकल बोर्डाने किंवा नगरपालिकेने निवडायचे, आणि त्या लोकल बोर्डाचा मतदार म्हणजे तरी कोण? सारा आणि कर भरणारा. होडीवर जाणारा खलाशी, पाटी डोक्यावर घेऊन फिरणारी कोळीण, दुसऱ्याच्या वाडीत राबणारे कूळ, यांना मत नव्हते. ज्यांची मुले शाळेबाहेर होती ते मतदार यादीबाहेर, आणि यादीत जे होते त्यांच्या मुलांची सोय कधीच झालेली. तेव्हा बोर्डावर निवडून जाणाऱ्याने शाळेविषयी मत बाळगावे असे कुणी त्याला म्हणणारच नव्हते. मास्तरची बदली मात्र सगळ्यांच्या कामाची. आपल्या गटाचा मास्तर गावात आणायचा, विरुद्ध गटाचा डोंगरापलीकडे पाठवायचा, हे बोर्डांचे आवडते काम होऊन बसले. शेवटी १९३८ साली खेर मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून बोर्डांवर सरकारी प्रशासन अधिकारी आणला. १९४७ च्या नव्या कायद्याने सरकारची पकड आणखी घट्ट केली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, जिल्हा स्कूल बोर्डे गेली आणि शिक्षण समितीची पाटी लागली.

या साऱ्याचा आरोप परांजप्यांवर ठेवणे सोपे आहे. आम्ही तो ठेवणार नाही. त्यांची चूक असलीच तर इतकीच, की शाळा चालवणाऱ्याला तिचे अगत्य असणारच, असे त्यांनी गृहीत धरले. गणिती माणसाला गृहीतकाशिवाय चालत नाही.

पार्श्वभूमीच्या मोहाविषयी मात्र दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तो मोह फक्त पत्रक छापणाऱ्यांना आहे असे नाही. राजस्थानने २०१४ च्या अखेरीस आणि हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवाराला किमान शिक्षणाची अट घातली. राजस्थानात जिल्हा परिषदेसाठी दहावी, सरपंचासाठी आठवी. हरियाणाची अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये वैध ठरवली. राजस्थानने आपली अट २०१९ साली स्वतःच मागे घेतली. ज्या पिढीला सरकारने शाळा दिली नाही, तिलाच शाळा न शिकल्याबद्दल उमेदवारीतून बाद करायचे, हा उफराटा न्याय काही वर्षे तरी चालला. आपल्याकडे कुणी असली अट सुचवली तर सुशिक्षित मंडळी टाळ्या वाजवतील, अशी आम्हाला भीती आहे. त्यांना दोन नावे सांगावीत. गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती, आणि शिक्षणाविषयी त्यांच्याइतके खणखणीत मत बाळगणारा पदवीधर आजही शोधावा लागेल. भाऊराव पाटील पदवीधर नव्हते. १९१९ साली काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. उलट बाजूही सांगून टाकू. वसंतदादांची शाळा लवकर सुटली होती, आणि १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडणारे मुख्यमंत्री तेच. त्या निर्णयाचे कौतुक करायचे की खेद, यावर घरोघरी मतभेद होतील. पण तो निर्णय त्यांच्या प्रगतिपुस्तकावरून आधी कुणाला ओळखता आला असता काय?

म्हणून उमेदवार किती शिकला हे विचारू नये. कुठे वाढला, कुणाचा नातू, कुठल्या जातीचा, हेही शाळेच्या कामी फारसे येत नाही. मत विचारावे. आणि मत म्हणजे 'शिक्षण ही काळाची गरज आहे' हे नव्हे.

मत कसे असते ते बघायला दक्षिणेला जावे लागते, पण फार नाही. हर्णेच्या शेजारीच मुरुड. परांजप्यांना ज्यांनी बिऱ्हाडी ठेवले त्या कर्व्यांचे हे गाव. इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी १८७५ साली मुरुडची काही मुले पायी साताऱ्याला गेली. घाट चढून. तिथे पोहोचल्यावर साहेबाने धोंडोला वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. ही हकीकत त्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. महाराष्ट्र त्यांना स्त्रीशिक्षणासाठी ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जे काढले ते आमच्या आजच्या विषयाला अधिक जवळचे. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. काम काय, तर ज्या गावात जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची. म्हणजे एका नातलगाच्या कायद्याने मंडळांच्या हाती शाळा दिल्या, आणि तेरा वर्षांनी दुसरा नातलग त्या मंडळांनी सोडलेली गावे हुडकत निघाला. कुणाची निंदा नाही, मोर्चा नाही. शाळा कुठे नाही याची यादी, आणि तिच्यासाठी वर्गणी. शिक्षणाविषयी मत असणे म्हणजे हे.

शाळा गावात असून भागत नाही, हाही धडा याच तालुक्याचा. १८९०च्या दशकात दापोलीला पलटणीतून पेन्शनीवर आलेले महार शिपाई राहत. पलटणीत त्यांची मुले शिकली होती. गावात आल्यावर नगरपालिकेच्या शाळेत त्याच मुलांना जागा मिळेना. बापांनी अर्ज केले, सरकारदरबारी दाद मागितली, आणि मुलांच्या वाट्याला काय आले, तर शाळेचा व्हरांडा. गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीतल्या पेन्शनरांपैकी. १८९५ साली त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले तेव्हा बाकीच्या सभासदांना त्यांच्या शेजारी बसणे जड गेले. सार्वजनिक शाळा सर्वांना खुल्या असा ठराव सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला तो ऑगस्ट १९२३ मध्ये, प्राथमिक शिक्षण कायद्याच्याच वर्षी. कोणाला मंडळावर बसवायचे आणि कोणाला वर्गात बसवायचे, हे दोन प्रश्न तेव्हापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. 'आमच्या शाळेत भेदभाव नाही' असे सांगणाऱ्या उमेदवाराने पोषण आहाराच्या वेळी एकदा जाऊन पंगत पाहावी आणि मग सांगावे.

आता आजचे. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. रत्नागिरीसह राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत शाळांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या सहीने चालला. १९३८ साली बोर्डावर अधिकारी आणल्याबद्दल ज्यांनी ओरड केली असेल, त्यांना हे पाहून काय वाटले असते? आम्हाला तर असे दिसले, की सभागृह नाही म्हणून रस्त्यांचे ठेकेदार हळहळले, टेबलाभोवतीची गर्दी तेवढी बदलली, पण शिक्षण समितीची बैठक नाही म्हणून कुणाचे अडल्याचे ऐकू आले नाही.

वास्तविक याच काळात मत असणाऱ्या माणसाची फार गरज होती. २०२३ साली आंतरजिल्हा बदल्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ शिक्षक आपापल्या गावी गेले आणि कितीतरी शाळांत शिकवायला माणूस उरेना. स्थानिक डी.एड. झालेल्यांना मानधनावर घेऊन वर्ग चालवावे लागले. बदलून गेलेल्या शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. बायकामुलांपासून तीनशे-चारशे किलोमीटरांवर किती वर्षे काढायची? त्याच वर्षी कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याचे, निकष बदलले. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे नियमित शिक्षक मिळणे मुश्कील झाले. कोकणातल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. इथे पट कमी असणे हा शाळेचा दोष नाही, तो भूगोल आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि वरची प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत मागितली, ती मुलाची पायपीट वाचावी म्हणूनच. आता हा पट, ते अंतर आणि तो शिक्षक यांचा मेळ कसा घालणार, या एका प्रश्नावर उमेदवाराला पाच मिनिटे बोलता येते काय? येत नसेल तर त्याची एम.ए. कुठल्या विषयातली आहे, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

आणि तो दुसरा प्रश्न, मथळ्यातला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश दिला होता, की सरकारी पगार घेणाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी आणि न्यायाधीशांनीही आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. उत्तर प्रदेशात त्याचे पुढे काही झाले नाही, आणि तशी सक्ती असावी असे आमचेही म्हणणे नाही. बापाच्या उमेदवारीपायी पोराची शाळा बदलू नये. पण प्रश्न विचारायला कायदा लागत नाही. दापोलीच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत स्वतःची मुले बसवून जो गावच्या शाळेसाठी मते मागतो, त्याने तसे का केले ते गावाला सांगावे. 'इथे दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत म्हणून' असे त्याने खरे उत्तर दिले, तर तोच त्याचा जाहीरनामा समजून मत द्यायला हरकत नाही. लाजून विषय बदलला, तर मतदारानेही बदलावा.

इतके लिहून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती आमच्या मते जिल्हा परिषदेपेक्षा मोठी. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. परांजप्यांच्या बोर्डात जे नव्हते ते इथे आहे: ज्याचे मूल वर्गात, तोच मतदार आणि तोच उमेदवार. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदान कुठे गेले ते पाहणे, शिक्षक वेळेवर येतो काय आणि पोषण आहार कसा शिजतो यावर लक्ष ठेवणे, हे सगळे तिचे अधिकार. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामांना जुंपता येत नाही, हे तोच कायदा सांगतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना ते कलम वाचून दाखवण्याचे धैर्यही समितीनेच करायचे.

प्रत्यक्षात या समितीची निवड कशी होते? मुख्याध्यापक दोन-चार पालकांना फोन करतात, 'तेवढी सही करून जा' म्हणतात, आणि अध्यक्षपद बहुधा ज्याला नको म्हणता आले नाही त्याच्या गळ्यात पडते. स्त्री सभासदाच्या नावापुढे तिचा नवरा सही करतो, असेही चालते. मुख्याध्यापकांची अडचण खरी आहे: सभेला कोणी येत नाही. पण सभा कधी ठेवतात तेही पाहावे. हर्णेत बाप मंडळी ऑगस्टपासून समुद्रावर. संध्याकाळी होड्या लागल्या की पुळणीवर लिलाव, आणि आया तिथे. त्या वेळेला, नाहीतर ऐन दुपारी मासळी विकायला बाया बाहेर पडलेल्या असताना, सभेची नोटीस काढायची आणि 'पालक उदासीन आहेत' असा शेरा मारायचा, याला उदासीनता म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे दीड महिना होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, जाळी तुणायला घेतलेली, बाप घरी आणि मूल शाळेत, असा योग दरवर्षी न चुकता येतो. हर्णेतल्या मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांच्या शाळांनी समितीची निवड जुलैतच घ्यावी, सभा लिलावाच्या वेळेला ठेवू नये, आणि जे पालक उभे राहू इच्छितात त्यांची नावे आठ दिवस आधी फळ्यावर लिहावीत. नावापुढे शिक्षणाचा रकाना नको. आपल्या शाळेत काय बदलावेसे वाटते, एवढे एका ओळीत लिहायला सांगावे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे त्याच्या मुलाने लिहावे.